गर्भपाताचा निर्णय : स्त्रीचा हक्क की डॉक्टरांची परवानगी?

रेवती_मुलुंड

गर्भपाताविषयी न्यायालयांचे जे निकाल गेल्या काही वर्षांत आले, ते वाचताना माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे आणि तो येथील जाणकारांपुढे मांडावा असे वाटते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २० ते २४ आठवड्यांच्या काळात विवाहितेप्रमाणेच गर्भपात करून घेता येईल असा निर्णय दिला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याचे स्वागत केले होते. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांची आई असलेल्या आणि प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या एका विवाहितेला त्याच न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि शेवटी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परवानगी नाकारली. गर्भ २६ आठवड्यांचा होता. त्या काही दिवसांत त्या स्त्रीच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या कायद्यात गर्भपाताचा हक्क कोठेही नाही. आहे ती डॉक्टरांना दिलेली सवलत. कोणत्या परिस्थितीत गर्भपात केल्यास डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाहीत, एवढेच तो कायदा सांगतो. निदान पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत तरी स्त्रीने केवळ मागणी केली की गर्भपात मिळायला हवा, त्यासाठी तिला कारण सांगावे लागू नये, असे मला वाटते. आपणास काय वाटते? शक्यतो भारतातील कायद्यापुरती आणि आपल्या अनुभवांपुरती चर्चा ठेवावी ही विनंती.

प्रभाकर_दादर

रेवतीताई, प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु आपला कायदा एवढा वाईट आहे का? अमेरिकेत १९७३ पासून असलेला हक्क २४ जून २०२२ रोजी एका निकालाने गेला आणि प्रत्येक राज्याला आपापला कायदा करण्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे आणि तो वेळोवेळी सैलच होत गेला आहे. व्यवहारात आपल्याकडे कोणालाही अडवले जात नाही, अशी माझी समजूत आहे.

न्यायमित्र

मी उच्च न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे कायद्याची चौकट आधी नीट मांडतो.

रेवती यांनी म्हटले ते कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा होता आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमात येत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा हे कलम जाईल अशी काहींना आशा होती. ते कलम ८८ म्हणून जसेच्या तसे राहिले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. वैद्यकीय गर्भपात कायदा हा या गुन्ह्याला केलेला अपवाद आहे. तो लिहिलाच गेला आहे नोंदणीकृत डॉक्टरांना उद्देशून.

याचे कारण त्याच्या जन्मात आहे. १९६४ साली केंद्राने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाह हे त्या वेळी आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. १९६६ मध्ये समितीने अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. चोरून केलेल्या गर्भपातांमुळे होणारे बायकांचे मृत्यू थांबवणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता, आणि लोकसंख्येची चिंताही त्या काळच्या चर्चेत होतीच. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विचार त्यात केंद्रस्थानी नव्हता.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर स्थिती अशी आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती स्त्री नियमांत सांगितलेल्या गटांत बसावी लागते : लैंगिक अत्याचारास बळी पडलेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजारी, गर्भात व्यंग आढळलेली, किंवा आपत्तीत सापडलेली. २४ आठवड्यांनंतर केवळ गर्भात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने, म्हणजे शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, तसे सांगितले तर. मात्र स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आवश्यक असेल तर कलम ५ प्रमाणे आठवड्यांची मर्यादाच लागू होत नाही. हे शेवटचे वाक्य पुष्कळ डॉक्टरांनाही माहीत नसते.

मैत्रेयी

न्यायमित्र यांच्या शेवटच्या वाक्याविषयी : माहीत असते, परंतु धैर्य होत नाही. मी गेली अनेक वर्षे ठाणे आणि मुलुंड भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. प्रभाकर यांना वाटते की कोणाला अडवले जात नाही. आठ आठवड्यांची, विवाहित, सोबत नवरा आलेला, हाती पैसे असलेली स्त्री असेल तर ते खरे आहे. यांपैकी एक गोष्ट बदलली की डॉक्टरांच्या मनात हिशेब सुरू होतो.

मुलगी सतरा वर्षांची असेल तर पोक्सो, म्हणजे अल्पवयीनांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो मुलगा तिचा वर्गमित्र असला आणि सगळे तिच्या संमतीने झालेले असले तरीही. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. प्रत्यक्षात नाव न लिहिता कळवले, तर समोरचा हवालदार ते मान्य करेल याची खात्री कोण देणार? त्यामुळे पुष्कळ सहकारी तिला सरळ दुसरीकडे पाठवतात. दुसरीकडून तिसरीकडे. तोवर आठवडे उलटतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. गर्भाची सविस्तर तपासणी, ज्याला आम्ही अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतो, ती साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. हृदयाचे काही दोष त्यानंतरच स्पष्ट दिसतात. मग पुन्हा सोनोग्राफी, गर्भजलाची तपासणी, तिचा अहवाल यायला लागणारा काळ, घरच्यांचा निर्णय. जुन्या कायद्यातली २० आठवड्यांची मर्यादा वैद्यकशास्त्राशी विसंगत होती असे आम्ही म्हणत होतो, ते याच कारणासाठी.

रेवती यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हो असे आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात हा प्रसूतीपेक्षा स्त्रीसाठी कमी जोखमीचा असतो. तिचा निर्णय योग्य आहे का, हे ठरवण्याचे ज्ञान माझ्या पदवीने मला दिलेले नाही.

केशव

मी येथे अल्पमतात आहे याची कल्पना असूनही लिहितो, कारण विषय जीवाचा आहे. वरील सर्व प्रतिसादांत गर्भाचा उल्लेख केवळ आठवड्यांच्या आकड्यापुरता आला आहे. तो वाढणारा जीव आहे, त्याचे हृदय सहाव्या-सातव्या आठवड्यात धडधडू लागते, आणि त्याची बाजू मांडणारे कोणी नसते. स्त्रीवर अत्याचार झाला असेल, तिच्या जिवाला धोका असेल, तर माझा विरोध नाही. परंतु कोणतेही कारण न सांगता गर्भ नष्ट करण्याची मुभा कायद्याने द्यावी, हे मला मान्य नाही. कायद्याने कारण विचारणे म्हणजे स्त्रीचा अपमान नव्हे. एका जीवाचा अंत होत असताना समाजाने दाखवलेली ती किमान गंभीरता आहे. डॉक्टरांची संमती लागते ती याचसाठी, असे मी समजतो.

सुनीता_घाटकोपर

केशवराव, तुम्ही सभ्यपणे लिहिले आहे म्हणून मीही माझी गोष्ट सांगते.

मला दोन मुली आहेत. धाकटी दीड वर्षाची असताना पाळी चुकली. तांबी बसवलेली असूनही दिवस राहिले. नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती आणि मी शिवणकामावर घर चालवत होते. मी एका खासगी रुग्णालयात गेले. तेथील बाईंनी पहिला प्रश्न विचारला : दोन्ही मुली आहेत, सोनोग्राफी कोठे करून आलात? मी काहीही करून आले नव्हते, दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. दुसरा प्रश्न : नवरा कोठे आहे, त्याची सही लागेल. नवरा तेव्हा काम शोधायला गुजरातेत गेला होता. मला परत पाठवले.

तुम्ही म्हणता ती गंभीरता मला पुरेपूर ठाऊक होती. घरी दोन लेकरे असलेल्या बाईला पोटात काय आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मला कारण विचारले गेले, मी कारण सांगितले आणि त्या कारणावर कोणी विश्वास ठेवला नाही. कारण विचारण्याची पद्धत प्रत्यक्षात अशी असते.

निशिगंधा

सुनीताताई, तुमच्याकडून नवऱ्याची सही मागितली गेली, ती मागणी बेकायदा होती. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, आईवडिलांची कोणाचीही सही कायद्याने लागत नाही. पालकांची संमती फक्त अल्पवयीन मुलीच्या बाबतीत आणि मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत लागते. तांबी निकामी ठरणे म्हणजे गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणे, आणि ते कारण तर १९७१ पासून कायद्यातच लिहिलेले आहे. २०२१ पूर्वी त्या ठिकाणी विवाहित स्त्री आणि तिचा पती असा उल्लेख होता. आता कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असा आहे. शिवाय तिचे नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती आहे. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या बायका कोण असतात, हे येथे नोंदवणे मला गरजेचे वाटते. पाळी अनियमित असल्यामुळे दिवस गेल्याचे कळलेच नाही अशा. मूल अंगावर पीत असल्यामुळे पाळी आलेली नाही, म्हणून निश्चिंत राहिलेल्या. रेवती यांनी सांगितलेल्या २०२३ च्या प्रकरणातील स्त्रीचेही हेच झाले होते. घरात कोणाला सांगू न शकलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, ज्यांच्या आईला पोट दिसू लागल्यावरच संशय येतो. मोठ्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, ज्यांना एक दिवसाची सुट्टी मागणे म्हणजे काम जाण्याची भीती. निष्काळजीपणामुळे उशीर झालेली बाई मला क्वचितच भेटली आहे. कायद्यातील आठवड्यांची मर्यादा सर्वांना सारखीच लागू होते, परंतु त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मलबार हिलवरून वेगळा असतो आणि मानखुर्दहून वेगळा.

संहिता

सुनीताताईंच्या प्रतिसादातील पहिला प्रश्न, म्हणजे सोनोग्राफी कोठे केलीत हा, मला फार लागला, कारण त्या प्रश्नामागील कायद्यासाठी मी तरुणपणी मोर्चांत चालले आहे. ऐंशीच्या दशकात गर्भलिंगनिदानाविरुद्धची मोहीम मुंबईतच उभी राहिली, आणि १९८८ साली देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो कागदावरच राहतो आहे हे पाहून २००० साली मुंबईतील सेहत व पुण्यातील मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरही ० ते ६ वयोगटातील मुलींचे प्रमाण देशात २००१ च्या हजारी ९२७ वरून २०११ मध्ये ९१९ वर आले, आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. हा इतिहास मी कोणालाही विसरू देणार नाही.

परंतु आमचा विरोध गर्भलिंगनिदानाला होता, गर्भपाताला नव्हता. हे दोन वेगळे कायदे आहेत. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आम्हीच फलकांवर लिहिला आणि आज तोच शब्द कोणत्याही गर्भपाताला हत्या म्हणण्यासाठी वापरला जातो, याचे मला दुःख आहे. तपासणीच्या मोहिमा निघाल्या की अधिकारी सोनोग्राफी केंद्रांबरोबर गर्भपात केंद्रांचीही नोंदवही उघडून बसतात, आणि दोन मुलींच्या आईला नकार देणे हा डॉक्टरांना सर्वांत सुरक्षित मार्ग वाटू लागतो.

रेवती यांच्या बारा आठवड्यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, कारण सोनोग्राफीत लिंग सहसा त्यानंतरच स्पष्ट कळते. फक्त एक सावधगिरी सुचवते : आईच्या रक्तातून गर्भाची जनुकीय तपासणी आता दहाव्या आठवड्यापासून होते. तिच्या अहवालात लिंग कळवण्यास बंदी आहे, पण त्या प्रयोगशाळांवर नजर ठेवावी लागेल.

गिरगावकर

माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून गोळ्यांविषयी लिहितो, कारण या धाग्यात त्यांचा उल्लेखच आलेला नाही. भारतात २०१५ साली सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता, आणि त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. म्हणजे न्यायालय, मंडळ, दोन डॉक्टर ही सगळी चर्चा ज्यांच्याविषयी चालते, त्या स्त्रिया फार थोड्या आहेत. उरलेल्या आमच्यासारख्यांच्या दुकानात आलेल्या असतात. बहुतेक वेळा नवरा किंवा मित्र येतो.

नऊ आठवड्यांपर्यंत या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात आणि त्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. परंतु कारवाईची एवढी धास्ती बसली आहे की माझ्या ओळखीच्या पुष्कळ दुकानदारांनी त्या ठेवणेच बंद केले. चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही ‘आमच्याकडे नाहीत’ असे सांगितले जाते. मग ती कोठून तरी, कोणत्या तरी कंपनीच्या, कोणत्या तरी तारखेच्या गोळ्या मिळवते आणि रक्तस्राव थांबला नाही की रुग्णालयात धावते. मी ठेवतो, चिठ्ठी पाहून देतो, नोंद करतो, आणि रक्तस्राव वाढला तर कोठे जायचे हे सांगितल्याशिवाय पुडी हातात देत नाही.

अनघा_बोरिवली

बराच वेळ वाचत होते, लिहावे की नाही असा विचार करत होते. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो आता अकरा वर्षांचा आहे, शाळेत जातो, पोहायला जातो.

मला स्त्रीच्या निर्णयाचा हक्क मान्य आहे. परंतु या कायद्यात २४ आठवड्यांनंतर जे एकमेव दार उघडे ठेवले आहे ते गर्भातील व्यंगाचे आहे, आणि त्या दारावर माझ्या मुलाचे नाव लिहिले आहे असे मला वाटते. निरोगी गर्भ असलेल्या, मनाने खचलेल्या स्त्रीला न्यायालय सांगते की आता त्या जीवाचाही विचार केला पाहिजे. गर्भात व्यंग असेल तर तो विचार करण्याची गरज उरत नाही. गंभीर व्यंग म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यात नाही. माझ्या गरोदरपणात अहवाल आल्यावर ज्या घाईने मला तारीख देऊ करण्यात आली, त्या घाईत मला कोणी एकदाही विचारले नाही की तुम्हाला हे मूल हवे आहे का.

हक्क द्यायचा असेल तर तो स्त्रीच्या परिस्थितीवरून द्या, गर्भाच्या गुणपत्रिकेवरून नको.

न्यायमित्र

अनघाताई, तुमच्या मुद्द्याला कायद्यातही आधार आहे. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात प्रशासनाला एका निराधार, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भपात करायचा होता आणि तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि मूल होऊ देणे किंवा न देणे हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. आज गर्भपाताच्या बाजूने जो निकाल सर्वांत जास्त उद्धृत केला जातो, तो मुळात मूल जन्माला घालू इच्छिणाऱ्या स्त्रीचा आहे.

आपल्या मुंबईतील वाटचालही सांगतो. २००८ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य गर्भाच्या हृदयातील दोषाच्या कारणावरून उच्च न्यायालयात आले. २० आठवडे उलटले होते. परवानगी नाकारली गेली, आणि पुढे तो गर्भ आपोआप पडला. कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षे लागली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, भायखळ्याच्या कारागृहातील एका स्त्रीच्या संदर्भात न्या. विजया ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन स्त्रीचा तिच्या शरीरावरील अधिकार आणि तिचे मानसिक आरोग्य यांना निर्णायक महत्त्व दिले. एप्रिल २०१९ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. सोनक यांनी स्पष्ट केले की स्त्रीच्या जिवाला तात्काळ धोका असल्यास डॉक्टरांनी न्यायालयाची वाट पाहायची नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर न्या. गौतम पटेल आणि न्या. दिगे यांच्यापुढे ३२ आठवडे उलटलेली स्त्री होती, गर्भात गंभीर दोष होता, वैद्यकीय मंडळाने उशीर झाला म्हणून नकार दिला होता. खंडपीठाने सांगितले की निर्णयाचा अधिकार तिचा आहे, मंडळाचा नाही.

एवढे निकाल स्त्रियांच्या बाजूने लागले, हे ऐकून समाधान वाटेल, परंतु प्रत्येक निकालामागे एक याचिका आहे. पोटातील दिवस वाढत असताना वकील शोधणे, प्रतिज्ञापत्र करणे, मंडळापुढे तपासणीला उभे राहणे. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे आणि पाच दिवसांत प्रक्रिया व्हावी असा नियम आहे. तो नियम न्यायालयाचा फेरा वाचवण्यासाठी होता. मंडळे नकार देऊन मोकळी होतात आणि फेरा चुकत नाही.

प्रभाकर_दादर

न्यायमित्र यांचा प्रतिसाद वाचून एक जुनी गोष्ट आठवली, विषयाला जोडूनच आहे. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी याच शहरात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाची साधने उपलब्ध करून द्यावीत असा ठराव डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी मांडला. नको असलेल्या मातृत्वाच्या यातनांची जाणीव पुरुषांना असती तर असा विरोध झाला नसता, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. तो ठराव फेटाळला गेला. सुनीताताईंचा आणि निशिगंधाताईंचा अनुभव वाचल्यावर व्यवहारात कोणी अडवत नाही हे माझे विधान मी पुढे रेटणार नाही.

केशव

सुनीताताईंशी जो व्यवहार झाला तो अन्यायच होता, त्याचे समर्थन मी करणार नाही. अनघाताईंचा प्रतिसाद मात्र माझ्याच भूमिकेकडे बोट दाखवतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गर्भात व्यंग असले तरी तो जीव मोलाचा असेल, तर व्यंग नसलेला जीवही मोलाचाच आहे.

आता २०२३ चे प्रकरण घ्या. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी न्यायालयाला विचारले होते की हा गर्भ जगू शकतो, तर त्याचे हृदय आधी बंद करायचे का? २६ आठवड्यांचे अपुऱ्या दिवसांचे बाळ आज काचेच्या पेटीत ठेवून वाचवले जाते. त्याच इमारतीत एका मजल्यावर ज्याला वाचवण्यासाठी डॉक्टर रात्र जागवतात, त्याच वयाच्या दुसऱ्या जीवाचे हृदय थांबवायला आपण डॉक्टरांना सांगणार का? शासनाने प्रसूतीचा खर्च करावा आणि आईवडिलांची इच्छा असल्यास मूल दत्तक द्यावे, ही न्यायालयाची भूमिका मला माणुसकीची वाटते.

मैत्रेयी

केशवराव, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना सर्वांत जास्त छळतो, त्यामुळे तो बाजूला सारणार नाही. २४ आठवड्यांनंतरचा गर्भपात हा प्रत्यक्षात प्रसूतीच असतो. कळा आणल्या जातात आणि गर्भ जिवंत जन्मू नये म्हणून आधी सोनोग्राफीत पाहत हृदयात इंजेक्शन दिले जाते. हे काम करताना माझे हात कधीही सहज चालले नाहीत. माझ्या ओळखीचे काही सहकारी ते करत नाहीत, आणि त्यांच्या नकाराचा मी आदर करते.

तरीही मी त्या स्त्रीच्या बाजूला उभी राहीन. दत्तक देण्याचा पर्याय मूल जन्मल्यानंतरचा आहे. मधले तीन महिने, औषधे बदलण्याचा धोका, प्रसूतीनंतर पुन्हा उफाळणारा मानसिक आजार, आणि घरी असलेली दोन लहान मुले, यांचे काय करायचे, हे दत्तकविधान सांगत नाही. त्या वेळी न्या. नागरत्ना यांनी स्त्रीच्या निर्णयाला प्राधान्य दिले होते आणि न्या. हिमा कोहली यांना परवानगी देणे जड गेले होते. दोघीही स्त्रिया, दोघीही अनुभवी. मला त्या दोघींचीही ओढाताण समजते. म्हणूनच अशी प्रकरणे कमीत कमी व्हावीत, आणि ती कमी होण्याचा मार्ग पहिल्या तीन महिन्यांत दार सताड उघडे ठेवण्यातून जातो. सुरुवातीला अडवलेली बाईच पुढे उशिरा येते.

निशिगंधा

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. त्याला एक जोड देते. एप्रिल २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीचे प्रकरण मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ ३० आठवड्यांना परवानगी दिली, मग आईवडिलांनी जोखमीच्या भीतीने विचार बदलला आणि आदेश मागे घ्यावा लागला. वर्तमानपत्रांत पालकांवर टीका झाली. ज्या आईबापांना काही आठवड्यांच्या आत पोलीस ठाणे, रुग्णालय, मंडळ आणि दोन न्यायालये पाहावी लागली, त्यांनी डगमगू नये ही अपेक्षा मला क्रूर वाटते. त्या निकालात न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे : वैद्यकीय मंडळाने केवळ आठवडे मोजून नकार देऊ नये, मुलीच्या शरीराचे आणि मनाचे काय होईल यावरही मत द्यावे, आणि अल्पवयीन मुलीचे स्वतःचे म्हणणे पालकांपेक्षा वेगळे असेल तर त्याला वजन द्यावे.

रेवती_मुलुंड

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते.

केशवरावांचे २६ आठवड्यांविषयीचे म्हणणे मी हलके मानत नाही, आणि त्या टप्प्यावर कायद्याने काही विचारणा करावी हे मी समजू शकते. परंतु त्यांचा तोच युक्तिवाद आठव्या आठवड्यालाही तितकाच लागू आहे असे मला कोणीही पटवून देऊ शकलेले नाही. अनघाताईंमुळे माझी मागणी मी अधिक नेमकी करते : बारा आठवड्यांपर्यंत केवळ मागणी पुरेशी असावी, त्यानंतर २४ आठवड्यांपर्यंत स्त्रीने सांगितलेले कारण खरे मानून चालावे आणि गटांची यादी रद्द व्हावी, आणि त्यापुढे केवळ गर्भातील व्यंगाचा नव्हे तर स्त्रीच्या प्रकृतीचा, मनाचा आणि परिस्थितीचा विचार मंडळाने करावा. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये मूळच्या बेळगावच्या एका दंतवैद्य स्त्रीचा गर्भपात नाकारल्याने मृत्यू झाला, आणि २०१८ च्या सार्वमतानंतर त्या देशाने बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपाताची मुभा दिली. आपल्या लेकीच्या मृत्यूने दुसऱ्या देशाचा कायदा बदलू शकतो, तर आपलाही बदलायला हवा.

न्यायमित्र, यासाठी न्यायालयात जाऊन उपयोग आहे का, की हे संसदेचेच काम आहे?

केशव

बारा आठवड्यांपर्यंतही माझा विरोध कायम आहे, रेवतीताई. मात्र तुमच्या तिसऱ्या मुद्द्यात मंडळाने स्त्रीची परिस्थिती विचारात घ्यावी असे म्हटले आहे, त्याच मंडळात अपंग मुलांच्या पालकांपैकी कोणीतरी असावे, एवढी भर घालावी असे मी सुचवेन.

न्यायमित्र

केशवरावांची सूचना नियमांत बदल करून अमलात आणता येईल. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीतज्ज्ञ यांच्याखेरीज शासन ठरवेल ते सदस्य घेता येतात.

रेवतीताई, गटांची यादी नियमांत आहे, त्यामुळे केंद्र सरकार ती अधिसूचनेने बदलू शकते. २०२२ मध्ये न्यायालयाने त्या यादीचा अर्थ व्यापक केला तो याच लवचिकतेमुळे. बारा आठवड्यांपर्यंत केवळ मागणीवर गर्भपात हवा असेल तर मात्र मूळ कायद्याचे कलम ३ बदलावे लागेल आणि न्याय संहितेच्या कलम ८८ मधून निदान त्या स्त्रीला तरी वगळावे लागेल. ही दोन्ही कामे संसदेची आहेत. न्यायालय फार तर कलम ८८ अनुच्छेद २१ शी विसंगत आहे का हे तपासू शकेल, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर तसा युक्तिवाद करायला चांगली जागा आहे. सुरुवात खासदारांना लेखी निवेदन देऊन करावी असे मी सुचवतो. मसुदा मी तयार करतो. सुनीताताई आणि अनघाताई यांची हरकत नसेल तर त्यांचे अनुभव नाव न देता त्यात घ्यावेत.

सुनीता_घाटकोपर

माझी हरकत नाही. नवऱ्याची सही लागत नाही, हे प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावावे, ही मागणीही त्या निवेदनात घाला. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.